३१ मार्चच्या कीर्दीत १ एप्रिलच्या नोंदी : म्हापशातल्या एका पतसंस्थेचे प्रकरण

३१ मार्च २०२३ हा शुक्रवार होता. म्हापशात शुक्रवार म्हणजे आठवड्याचा बाजार. मयड्याची केळी, खाजे, सुक्या मिरच्या, मातीची भांडी घेऊन आसपासच्या गावांतून माणसे येतात, आणि त्यांच्यामधून वाट काढत पिग्मी एजंट, म्हणजे रोजची छोटी ठेव जागेवर जाऊन गोळा करणारे, फिरतात. एजंटांची आठवड्यातली सर्वांत मोठी वसुली याच दिवशी होते. त्यात आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवसही तोच आला. ज्या पतसंस्थेचे हे प्रकरण आहे तिचे मुख्य कार्यालय म्हापशात आहे, शाखा बार्देश आणि पेडण्यात. संस्थेचे नाव देत नाही. आकडेही ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत, फरकाचा हिशेब मात्र घडला तसाच ठेवला आहे.

त्या रात्री वर्षअखेरीचे काम संपवून रोजकीर्द, म्हणजे त्या दिवसाच्या सगळ्या जमा-नावे व्यवहारांची वही, छापली गेली. जमा बाजू १४,८२,६४० रुपये, नावे बाजूही तेवढीच. हिशेबनीस बाईंनी आणि व्यवस्थापकांनी सह्या केल्या आणि कागद फाइलला लागला.

जूनमध्ये लेखापरीक्षक आले. छापील कीर्द त्यांनी बाजूला ठेवली आणि संगणकावर तीच तारीख टाकून ती पुन्हा काढायला सांगितली. चांगला लेखापरीक्षक हे करतोच. या वेळी जमा बाजू आली १५,३१,१९०. म्हणजे ४८,५५० रुपये जास्त. नावे बाजूही तितकीच वाढलेली. रोख शिल्लक मात्र पैशापर्यंत जुळत होती.

"रिपोर्ट तोच, तारीख तीच, मग आकडा वाढला कसा? मागच्या तारखेने कुणीतरी नोंदी घातल्या आहेत," असे ते म्हणाले. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही हेच वाटले असते. दोन्ही बाजू सारख्या वाढल्या आणि रोख हलली नाही, म्हणजे फक्त वर्ग नोंदी झाल्या. एका खात्यातून काढून दुसऱ्यात टाकायचे, वर्ष बंद झाल्यावर, नफा फुगवण्यासाठी. वाढलेल्या रकमेत लॉकर भाड्याचे ३१,५०० रुपये होते आणि भाडे हे संस्थेचे उत्पन्न. संशयाला आणखी काय लागते?

आणखीही होते. ३१ मार्चच्या काही नोंदींपुढे वेळ होती रात्री १२ वाजून ४७ मिनिटे. त्या वेळी तर कार्यालयाला कुलूप असायला हवे. शिवाय ऑगस्ट २०२२ पासून पिग्मी खात्यांत 'दुरुस्ती नोंद' या नावाखाली रकमा उलटवण्याचे प्रमाण एकाएकी वाढले होते, आणि त्या सगळ्या एकाच लॉगिनने झाल्या होत्या. लॉगिन हिशेबनीस बाईंचे. त्यांची नोकरी बावीस वर्षांची. संचालक मंडळात दोन तट पडायला एवढे पुरले.

मला बोलावले ते या टप्प्यावर. माझे काम चोर शोधण्याचे नव्हते. डेटाबेस काय सांगतो आहे आणि का सांगतो आहे, एवढेच पाहायचे होते.

आधी पुरावा, मग कारण

अशा वेळी लोक थेट प्रोग्रॅम उघडून बसतात. मी आधी बॅकअप मागतो. संस्थेकडे ३१ मार्चच्या रात्री काम संपल्यावर घेतलेला बॅकअप होता, आणि तो शाबूत होता, हे तिचे नशीब. तो वेगळ्या संगणकावर चढवून ३१ मार्चची कीर्द काढली. आकडा आला १४,८२,६४०. छापील कागदाशी तंतोतंत.

आता दोन प्रतींमधल्या नोंदी शेजारी ठेवल्या. ३१ मार्च तारखेची एकही नोंद नंतर वाढलेली नव्हती, एकही बदललेली नव्हती. नोंदींचे अनुक्रमांकही सलग. तरीही आजच्या डेटाबेसवर तोच रिपोर्ट ४८,५५० जास्त दाखवत होता. म्हणजे जास्तीच्या नोंदी ३१ मार्चच्या नव्हत्याच. रिपोर्ट त्या दुसऱ्या कुठल्या तरी दिवसातून उचलत होता.

कुठून, हे कळायला एप्रिल ते जूनच्या कीर्दी पुन्हा काढून छापील प्रतींशी ताडून पाहणे पुरेसे होते. बहुतेक दिवशी फरक होता. महिन्याच्या ४ आणि ९ तारखेला तो मोठा, इतर दिवशी किरकोळ. शनिवारी मात्र फरक शून्य. हा शनिवारचा शून्य बोलका होता. संस्थेत आवर्त ठेवीचे हप्ते, लॉकर भाडे, कर्जाचे हप्ते अशा आपोआप वर्ग होणाऱ्या नोंदी सकाळी दिवस उघडताना पडतात. रविवारी दिवस उघडतच नाही, त्यामुळे त्या पडत नाहीत. आणि या नोंदी बहुतेक करून ५ आणि १० तारखेच्या. म्हणजे प्रत्येक दिवसाची कीर्द दुसऱ्या दिवसाच्या आपोआप नोंदी ओढून घेत होती. १ एप्रिलच्या अशा नोंदी तपासल्या: लॉकर भाडे ३१,५००, आवर्त ठेवीचे हप्ते १७,०५०. बेरीज ४८,५५०.

आधी कुणाच्या लक्षात का आले नाही? कीर्द त्याच दिवशी रात्री छापतात. तेव्हा उद्याच्या नोंदी जन्मालाच आलेल्या नसतात. जुनी कीर्द पुन्हा काढायची वेळ वर्षातून एकदा येते, ती लेखापरीक्षणाला. आणि तेव्हाही लेखापरीक्षक छापील प्रतीवरच काम करणारा असेल तर तीही येत नाही.

सेकंदाचे तीनशे भाग

रिपोर्टमागचा प्रोग्रॅम संस्थेच्या सॉफ्टवेअरच्या विक्रेत्याने बरीच वर्षे जपलेला होता. त्यात अट अशी: नोंदीची वेळ दिलेल्या तारखेच्या ०० वाजल्यापासून २३:५९:५९.९९९ पर्यंत, 'बिटवीन' लावून. वाचताना यात काही वावगे दिसत नाही. दिवसाचा शेवटचा मिलिसेकंद धरला, म्हणजे दिवस पुरा झाला, असेच कुणालाही वाटेल.

पण वेळेचा रकाना होता एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस प्रणालीच्या जुन्या 'डेटटाइम' प्रकारचा, आणि या प्रकाराला मिलिसेकंद ठाऊकच नाही. तो आठ बाइटांत बसतो. चार बाइटांत १ जानेवारी १९०० पासूनचे दिवस, उरलेल्या चारांत मध्यरात्रीपासूनचे टिक. सेकंदाला टिक ३००, दिवसाला २ कोटी ५९ लाख २० हजार. मिलिसेकंद लिहिला की तो जवळच्या टिकवर नेऊन बसवला जातो. म्हणून या रकान्यात वेळेचा शेवटचा आकडा नेहमी ०, ३ किंवा ७ दिसतो. एक टिक म्हणजे ३.३३ मिलिसेकंद, दोन म्हणजे ६.६७, तीन म्हणजे बरोबर १०.

आता .९९९ सेकंद घ्या. गुणिले ३०० म्हणजे २९९.७ टिक. जवळचा पूर्णांक ३००. पण ३०० टिक म्हणजे पुरा सेकंद. २३:५९:५९ मध्ये तो मिळवला की मध्यरात्र होते आणि तारीख बदलते. त्यामुळे 'बिटवीन'ची वरची कड ३१ मार्च २३:५९:५९.९९९ न राहता १ एप्रिल ००:००:००.००० झाली. 'बिटवीन' दोन्ही कडा आत धरतो. .९९८ लिहिले असते तर २९९.४ टिक, म्हणजे २९९, आणि वेळ .९९७ वर थांबली असती.

एवढ्यानेही सहसा काही बिघडले नसते. बरोबर मध्यरात्रीच्या टिकवर कोण व्यवहार करणार? खरी गंमत पुढे आहे. माणसाने केलेल्या नोंदीला घड्याळाची वेळ लागायची, पण आपोआप पडणाऱ्या नोंदीला प्रोग्रॅम फक्त तारीख देत असे. वेळ दिली नाही की डेटाबेस ती ००:००:००.००० धरतो. म्हणजे दुसऱ्या दिवसाच्या सगळ्या आपोआप नोंदी बरोबर त्या एका टिकवर रांगेने उभ्या होत्या, आणि कड नेमकी तिथे पोचत होती. दोन निरुपद्रवी सवयी एकत्र आल्या. एकटी असती तर दोहोंपैकी कुठलीही वर्षानुवर्षे खपून गेली असती.

या डेटटाइमची आणखी एक खोड आहे, विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. त्याची सुरुवात १ जानेवारी १७५३ पासून. एसक्यूएल सर्व्हर ज्यातून निघाला त्या साइबेस या जुन्या डेटाबेसकडून आलेला हा वारसा. ब्रिटनने ग्रेगोरियन पंचांग १७५२ च्या सप्टेंबरात स्वीकारले, आणि त्याआधीच्या तारखांचा घोळ नको म्हणून रेघ तिथे मारली. पोर्तुगालने ते पंचांग १५८२ सालीच घेतले होते, पण हा विचार गोव्यासाठी झालेला नव्हता. मंगेशाची मूर्ती कुठ्ठाळीहून प्रियोळला हलवली गेली ते साल १५६०. देवस्थानांच्या इतिहासाची नोंदवही कुणी या प्रकारच्या रकान्यात करायला घेतली तर डेटाबेस ते साल सरळ नाकारतो. २००८ च्या आवृत्तीपासून आलेला 'डेटटाइम२' साल १ पासून चालतो आणि सेकंदाचा एक कोटीवा भाग धरू शकतो.

१२ वाजून ४७ मिनिटे

रात्री १२:४७ च्या नोंदींचे कोडे त्याहून सोपे निघाले, पण मला विचाराल तर प्रकरणाचे मूळ तिथेच आहे.

वर्षअखेरीला व्याजाच्या तरतुदी, घसारा, शाखांमधली देणीघेणी या नोंदी उशिरापर्यंत चालतात. त्या रात्री काम मध्यरात्र उलटून गेल्यावर संपले. घड्याळात १ एप्रिल लागला होता, पण हिशेबाचा दिवस अजून ३१ मार्चच. प्रोग्रॅममध्ये रकाना एकच. त्याने तारीख घेतली पडद्यावर निवडलेली, ३१ मार्च. वेळ घेतली सर्व्हरच्या घड्याळाची, ००:४७. दोन्ही जोडून झाले ३१ मार्च, ००:४७. प्रत्यक्षात ती नोंद ३१ मार्चच्या कामाची सर्वांत शेवटची. डेटाबेसच्या लेखी ती सर्वांत पहिली, सकाळी कुलूप उघडण्याच्याही आधीची.

"दादा, त्या रात्री आम्ही पाचजण इथेच होतो, कॅन्टीनवाल्याने भजी पाठवली होती," असे हिशेबनीस बाई म्हणाल्या. ते खरेच होते, पण नोंदवहीत तसे लिहिलेले नव्हते. शाखांशी जोडणाऱ्या राउटरच्या नोंदींत त्या पाच संगणकांची जोडणी १ एप्रिलच्या रात्री १ वाजेपर्यंत चालू असल्याचे सापडले, म्हणून हा मुद्दा निकालात निघाला.

हिशेबाचा दिवस आणि घड्याळाचा दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कळंगुटच्या हॉटेलवाल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पाहुण्याने रात्री एक वाजता बारमध्ये केलेले बिल आदल्या दिवसाच्या खात्यात जाते, आणि नाइट ऑडिट, म्हणजे रात्रीची हिशेबबंदी, होईपर्यंत तारीख पुढे सरकत नाही. तिथल्या सॉफ्टवेअरमध्ये व्यवसायाची तारीख हा रकाना वेगळा असतो. पतसंस्थांच्या स्वस्तातल्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र दोन्ही एकाच रकान्यात कोंबलेले मी अनेकदा पाहिले आहे. हा कंजूषपणा जागेचा म्हणावा तर 'डेट' प्रकाराला अवघे तीन बाइट लागतात.

बाजारातली पावती

उरल्या पिग्मीच्या दुरुस्ती नोंदी. यांचा उगम दुसऱ्याच डेटाबेसमध्ये होता.

पिग्मीची मशिने दुसऱ्या एका पुरवठादाराची. एजंट रक्कम घेतो, मशीन पावती छापते आणि नोंद पुरवठादाराच्या सर्व्हरवर पाठवते. संध्याकाळी ती सगळी संस्थेच्या डेटाबेसमध्ये येते. बाजारात शुक्रवारी नेटवर्कचे काही खरे नसते. नोंद गेली की नाही याची खात्री नसली की मशीन सर्व्हरला विचारते: या खात्याची, या वेळेची नोंद तुझ्याकडे आहे का? नाही म्हटले की पुन्हा पाठवते.

केळी विकणाऱ्या एका बाईंच्या दोन पावत्या मी समोर ठेवून पाहिल्या. पहिलीवर वेळ ११:४२:१७, सर्व्हरवर ११:४२:१८. दुसरी पुढच्या शुक्रवारची, १०:०३:०५, सर्व्हरवरही १०:०३:०५. पहिली रक्कम खात्यात दोनदा पडली होती आणि एक उलटवलेली होती. दुसरी एकदाच.

मशिनच्या आतली वेळ मिलिसेकंदांसह असते. पहिली ११:४२:१७.६४०, दुसरी १०:०३:०५.२१०. पावती छापताना मशीन अपूर्णांक सरळ कापते. सर्व्हरवरचा रकाना होता मायएसक्यूएल या वेगळ्या डेटाबेस प्रणालीचा 'डेटटाइम', दशांश स्थळे न सांगता केलेला, म्हणजे शून्य स्थळांचा. मायएसक्यूएल अशा रकान्यात अपूर्णांक आला की तो कापत नाही, जवळच्या सेकंदावर नेतो. .६४० चा पुढचा सेकंद झाला, .२१० गळून गेला. मग मशीन विचारते, '११:४२:१७ ची नोंद आहे का?' सर्व्हर खरेच सांगतो की नाही. ज्या पावत्यांच्या वेळेत अर्धा सेकंद किंवा जास्त शिल्लक असेल, त्या सगळ्यांचे हेच होणार. म्हणजे ढोबळमानाने निम्म्या. त्यातल्या नेटवर्क तुटल्याने पुन्हा विचारणा झालेल्या तेवढ्या दुबार पडल्या.

पण हे ऑगस्ट २०२२ पासूनच का? त्याआधीही मशिने हीच होती, बाजार हाच होता. पुरवठादाराला खोदून विचारल्यावर कळले की ऑगस्टमध्ये त्याने सर्व्हर बदलला होता. आधी मारियाडीबी होता, नवीन जागी मायएसक्यूएल मिळाला. "दोन्ही एकच की," असे तो म्हणाला. मूळ एक आहे खरे, पण या बाबतीत दोघांचे वागणे उलटे. मारियाडीबी आपणहून अपूर्णांक कापतो. जवळच्या सेकंदावर न्यायला हवे असेल तर १०.४.१ पासून तशी वेगळी सेटिंग आहे. मायएसक्यूएल आपणहून जवळच्या सेकंदावर नेतो. कापायला हवे असेल तर ८.०.१ पासून तशी सेटिंग आहे. जुन्या सर्व्हरवर पावती आणि रकाना दोघेही कापत होते म्हणून जुळत होते. योगायोगाने चाललेली गोष्ट कुणी 'चालते आहे' म्हणून सोडून दिली होती, एवढेच.

बाईंनी केलेल्या दुरुस्त्या म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींवर केलेले इमानदारीचे काम. दुबार पडलेली रक्कम त्या उलटवत होत्या. प्रत्येक दुरुस्तीमागे पावतीची प्रत त्यांनी जोडून ठेवली होती. त्या गठ्ठ्यामुळेच मला पावतीची वेळ सर्व्हरच्या वेळेशी ताडता आली.

दुरुस्ती, आणि दुरुस्तीतले खड्डे

कीर्दीच्या रिपोर्टवर विक्रेत्याचा उपाय तयार होता. .९९९ च्या जागी .९९७ लिहायचे, पाच मिनिटांचे काम. तो मी मान्य केला नाही. .९९७ हा आकडा एका विशिष्ट प्रकारच्या रकान्यापुरता खरा आहे. उद्या रकाना डेटटाइम२ केला की .९९७ आणि मध्यरात्र यांच्यामध्ये पडलेली नोंद कुठल्याच दिवसाच्या कीर्दीत येणार नाही. रकाना 'स्मॉलडेटटाइम' असेल तर तो मिनिटापर्यंतच मोजतो, २९.९९८ सेकंदांपर्यंत खाली आणतो, त्यापुढे वर नेतो. म्हणजे .९९७ लिहूनही पुन्हा मध्यरात्रच. दिवसाचा शेवटचा क्षण शोधायला जाणे हाच वेडेपणा आहे. तो रकान्यागणिक, डेटाबेसगणिक बदलतो. जावाच्या प्रोग्रॅममध्ये दिवसाची शेवटची वेळ नऊ दशांशांची मिळते. ती सहा दशांश धरणाऱ्या पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये टाकली की तीही उद्यावर जाते. दिवसाची सुरुवात मात्र सगळीकडे एकच. म्हणून अट अशी लिहायची: नोंद आजच्या ०० वाजता किंवा नंतरची, आणि उद्याच्या ०० च्या आधीची. वरची कड बाहेर. यात गोल करायला काही उरतच नाही.

रकान्याला 'डेट'मध्ये बदलून तारीख ताडणे हा दुसरा मार्ग. चुकीचा नाही, आणि एसक्यूएल सर्व्हर तेव्हाही इंडेक्स, म्हणजे झटपट शोधाची सूची, वापरू शकतो, पण मोठ्या तक्त्यांवर किती नोंदी सापडतील याचे त्याचे अंदाज घसरतात. वरची अट साधी आहे आणि कुठल्याही डेटाबेसवर चालते.

तारीख अक्षरांत लिहिताना आडव्या रेघा गाळायला सांगितल्या. आपल्याकडे सर्व्हरची भाषा ब्रिटिश ठेवायची पद्धत आहे. तशा सर्व्हरवर जुना डेटटाइम '२०२३-०४-०३' ही तारीख ४ मार्च म्हणून वाचतो, आणि '२०२३-०३-३१' ला एकतिसावा महिना शोधत चूक दाखवतो. '२०२३०४०३' असे सलग लिहिले की भाषा कुठलीही असो, ३ एप्रिलच.

मूळ दुरुस्ती मात्र रकान्यांची. प्रत्येक नोंदीला आता दोन रकाने आहेत: 'व्यवहार दिनांक', प्रकार नुसता डेट, आणि 'नोंदीची वेळ', प्रकार तीन दशांशांचा डेटटाइम२, जी सर्व्हरच देतो आणि कुणाला बदलता येत नाही. कीर्द, तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी), नफा-तोटा सगळे व्यवहार दिनांकावर. कोण कधी बसले होते हे पाहायचे असेल तर दुसरा रकाना. आपोआप नोंदींनाही आता खरी वेळ मिळते. ३१ मार्चसारख्या रात्री नोंदीची वेळ १ एप्रिल ००:४७ आणि व्यवहार दिनांक ३१ मार्च असे दिसेल, आणि लेखापरीक्षकाला ते दिसायलाच हवे.

हा बदल करताना विक्रेत्याची माणसे एकदा घाबरली. जुना डेटा त्यांनी मजकुराच्या फाइलमधून नव्या तक्त्यात नेला आणि मग जुन्या-नव्याची वेळ ताडून पाहिली. माणसांनी केलेल्या नोंदींपैकी सुमारे दोन तृतीयांश जुळेनात. त्यांना वाटले नोंदी हरवल्या. हरवले काहीच नव्हते. फाइलमध्ये .००३ असे लिहिले गेले आणि नव्या रकान्यात .००३ म्हणूनच बसले. पण २०१६ च्या आवृत्तीपासून, कम्पॅटिबिलिटी लेव्हल (डेटाबेसने कुठल्या आवृत्तीसारखे वागायचे ती सेटिंग) १३० असेल तर, जुना डेटटाइम डेटटाइम२ शी ताडताना त्यातला टिक पूर्ण उलगडला जातो आणि .००३ चा .००३३३३३ होतो. शेवटी ३ किंवा ७ असलेल्या वेळा म्हणून जुळत नाहीत, ० वाल्या जुळतात, कारण तीन टिकांचे बरोबर १० मिलिसेकंद होतात. तीनातल्या दोन. ताडताना दोन्ही बाजू तीन दशांशांवर आणल्या आणि सगळ्या नोंदी जुळल्या. आपोआप पडलेल्या नोंदी, बरोबर ०० वर असल्याने, पहिल्यापासूनच जुळत होत्या.

पिग्मीच्या पुरवठादाराने मायएसक्यूएलची कापण्याची सेटिंग लावून त्याच दिवशी दुबार नोंदी थांबवल्या. ते तात्पुरते म्हणून ठीक. पण वेळेवरून नोंद ओळखणेच बंद करा, असा माझा आग्रह होता. आता प्रत्येक मशीन पावतीला स्वतःचा क्रमांक देते, मशीन क्रमांक आणि पावती क्रमांक मिळून नोंद ओळखली जाते, आणि तीच जोडी दुसऱ्यांदा आली तर सर्व्हर ती घेतच नाही. रकानाही तीन दशांशांचा केला.

लेखापरीक्षकांनी ३१ मार्चच्या बॅकअपवरून निघालेली कीर्द स्वतः पाहिली, त्यांच्या समोर १ एप्रिलच्या नोंदी टाकून फरक ४८,५५० येतो हेही करून दाखवले. अहवालातून अफरातफरीच्या संशयाचा परिच्छेद गेला, त्या जागी संगणक प्रणालीतील दोष असे आले. लॉकर भाडे खतावणीत पहिल्यापासूनच बरोबर वर्षात होते, त्यामुळे ताळेबंदाला हात लावावा लागला नाही. संचालक मंडळाने बाईंकडे लेखी दिलगिरी व्यक्त करावी असे दोन संचालकांनी सुचवले. तसा ठराव झाला, पण एका मताच्या फरकाने.

राहिली जुनी वर्षे. सही झालेली छापील कीर्द हीच अंतिम, आणि दुरुस्तीपूर्वीच्या तारखांची कीर्द आता काढली तर ती नव्या अटीनेच काढायची, असे ठरले. विक्रेत्याच्या सगळ्या प्रोग्रॅममध्ये मी '२३:५९:५९' शोधायला लावले. ते व्याज दाखल्यात सापडले, टीडीएसच्या तक्त्यात सापडले, शाखांच्या रोख मर्यादेच्या रिपोर्टमध्ये सापडले. यांपैकी टीडीएसचा तक्ता पहिला हातात घेतला, कारण तिमाही बंद होते ती ३० जूनला, आणि १ जुलैच्या आपोआप नोंदी त्याच टिकवर येऊन बसणार होत्या.